परदेशातला पगार आणि पदरात पडणारी रक्कम

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांनी आम्हांला त्रैराशिक शिकविले. गणित मांडण्यापूर्वी ‘काय दिले आहे’ आणि ‘काय काढावयाचे आहे’ हे वहीत लिहिल्यावाचून ते पुढे जाऊ देत नसत. वयाच्या शहात्तराव्या वर्षी नेमकी हीच पायरी मी गाळली, आणि तिची किंमत माझ्या नातवाने मोजली. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने करांविषयी लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या सभागृहात बसणाऱ्या बहुतेक घरांतून आज कोणी ना कोणी परदेशी नोकरीला निघालेले असते, म्हणून हे धाडस करीत आहे.

बडोद्याला हा विषय नवा नाही. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पौंडाला १५ रुपये हा त्या काळचा दर धरला तर ही रक्कम सुमारे १७२ रुपये होते. येथे ती भरघोस वाटली असेल. पण ती खर्च व्हावयाची होती न्यूयॉर्कमध्ये, डॉलरांत, आणि तेथे तिचे जेमतेम ५६ डॉलर होत. जेथे मिळकत तेथेच खर्च, हे साधे सूत्र त्या आकड्यांत आहे. मी ते विसरलो.

माझा नातू २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतील श्टुटगार्ट येथे अभियंता म्हणून रुजू झाला. पगार वर्षाला ५४,००० युरो, म्हणजे महिना ४,५००. तेव्हा युरो ९० रुपयांच्या आसपास होता. मी जेवणाच्या टेबलावरच गुणाकार केला : चार लाख पाच हजार. त्या आकड्याच्या भरवशावर आम्ही एका सदनिकेचे कर्ज घेतले, आणि त्याचा एक लाख वीस हजारांचा मासिक हप्ता त्याने भरावा असे मीच सुचविले. त्याने ‘बरं आजोबा’ म्हटले. मोठ्यांपुढे बोलायचे नाही, हे त्याला आम्हीच शिकविले होते.

जर्मन पगारपत्रकावर दोन शब्द असतात, ‘ब्रुटो’ आणि ‘नेटो’. दोन्ही इटालियनमधून आलेले. पहिल्याचा मूळ अर्थ कच्चा, ओबडधोबड, दुसऱ्याचा स्वच्छ. (आपला ‘पगार’ही पोर्तुगिजांकडून आलेला आहे, हे जाता जाता सांगतो.) नोकरीच्या पत्रात लिहिलेला आकडा कच्चा असतो. तो स्वच्छ कसा होतो ते पाहू.

प्रथम सामाजिक विम्याचे चार हप्ते जातात. २०२५ च्या दरांनुसार नोकरदाराचा वाटा निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, बेकारीच्या विम्यासाठी १.३ टक्के, आरोग्यविम्यासाठी ७.३ टक्के व त्यावर त्या त्या विमासंस्थेच्या जादा आकारणीचा निम्मा भाग, आणि वृद्धापकाळच्या शुश्रूषेच्या विम्यासाठी १.८ टक्के. तेवीस वर्षांवरील माणसाला मूल नसेल तर या शेवटच्या विम्यात आणखी ०.६ टक्के. हे सारे मिळून ४,५०० पैकी सुमारे ९७० युरो होतात. त्यानंतर प्राप्तिकर. २०२५ साली १२,०९६ युरोपर्यंतचे करपात्र उत्पन्न करमुक्त होते. त्यापुढे दर चढत्या भाजणीने वाढून ४२ टक्क्यांपर्यंत आणि फार मोठ्या उत्पन्नावर ४५ टक्क्यांपर्यंत जातो. नातवासारख्या एकट्या माणसाचा कर महिना ६६० युरोंच्या घरात येतो. हाती उरतात सुमारे २,८७०. विवाहितांचे करवर्ग निराळे असतात. पती अथवा पत्नी मिळवत नसेल तर कर बराच हलका होतो, आणि सार्वजनिक आरोग्यविम्यात न कमावणारी पत्नी व मुले जादा हप्त्याशिवाय सामावली जातात. म्हणून शेजारच्या मुलाचा आकडा आपल्या मुलाला लावू नये.

घर घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. तेथे धर्म विचारतात, तो कुतूहलापोटी नव्हे. कॅथलिक अथवा प्रॉटेस्टंट चर्चचा सदस्य म्हणून नोंद झाली की प्राप्तिकराच्या रकमेवर ८ किंवा ९ टक्के चर्चकर लागतो. आपल्याकडील ख्रिस्ती मुलांनी हे आधी समजून घेतलेले बरे. या नोंदणीनंतर कर-क्रमांक टपालाने येतो. तो मालकाच्या हाती वेळेवर पडला नाही तर सर्वांत जड अशा सहाव्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. नातवाचे तसेच झाले. पैसे पुढे वळते झाले, परंतु पहिला महिना, जेव्हा पैशाची सर्वाधिक निकड असते, तोच कोरडा गेला.

घरभाड्याचेही तेथे दोन प्रकार आहेत, आणि जर्मन लोक त्यांना चक्क ‘थंड भाडे’ व ‘गरम भाडे’ म्हणतात. थंड म्हणजे नुसत्या जागेचे. गरम म्हणजे त्यात घर उबदार ठेवण्याचा, पाण्याचा, कचऱ्याचा वगैरे खर्च मिळविलेले. वीज बहुधा त्याहूनही वेगळी. नातवाचे थंड भाडे ८५० होते, गरम १,०२०. अनामत म्हणून घरमालक तीन थंड भाड्यांपर्यंत रक्कम मागू शकतो. ती तीन हप्त्यांत देण्याची मुभा भाडेकरूला कायद्याने आहे. हे ठाऊक नसल्याने त्याने २,५५० युरो एकदम दिले. शिवाय तेथील पुष्कळ घरे स्वयंपाकघराविना भाड्याने देतात. शेगडी नाही, ओटा नाही, भिंतीतून डोकावणारे पाण्याचे नळ तेवढे. महिनाभर तो विजेच्या किटलीत शेवया शिजवीत होता, हे मला फार उशिरा कळले.

आता गुरुजींच्या पद्धतीने मांडतो. हाती २,८७०. घर १,०२०, वीज व इंटरनेट ८०, प्रत्येक घराला द्यावा लागणारा नभोवाणी-दूरचित्रवाणीचा आकार १८.३६, प्रवासाचा मासिक पास ५८, किराणा ३००. उरले साधारण १,३९०. आमचा हप्ता युरोंत १,३३३. म्हणजे महिनाअखेर साठेक युरो, त्यात औषधपाणी, कपडे आणि अडीअडचण. रुपयांत केलेल्या गुणाकारात यातले काहीच दिसत नव्हते.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. कापलेली रक्कम पाण्यात जात नाही. तो आजारी पडला तेव्हा डॉक्टरकडे खिशात हात घालावा लागला नाही. निवृत्तिवेतनाचा हक्क पाच वर्षांच्या भरण्यानंतर मिळतो, आणि १ मे २०१७ पासून अमलात असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे दोन्ही देशांतील सेवाकाळ त्यासाठी एकत्र मोजता येतो.

दुसरी बाजू आपल्या देशाची. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ येथे राहिला असेल तर तो अनिवासी ठरतो, आणि बाहेरच्या पगारावर येथे कर लागत नाही. १९६१ च्या कायद्यातील हे तत्त्व २०२५ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. वर्ष एप्रिलपासून मोजले जात असल्याने एप्रिलपासून येथेच असलेल्याने २८ सप्टेंबरपर्यंत प्रस्थान केले तर हिशेब जुळतो. नातू जानेवारीत गेला. म्हणजे त्या वर्षापुरता तो निवासीच राहिला, आणि जानेवारी ते मार्चचा जर्मन पगार त्याला येथील विवरणपत्रातही दाखवावा लागला. दोन देशांतील १९९५ च्या करारामुळे तेथे भरलेल्या कराचे श्रेय मिळाले. पण जर्मन करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. कागद जुळविताना आमचे सनदी लेखापालही घामाघूम झाले.

बँकेतील साधे बचतखाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यातील एनआरई खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही, हे खरे. ‘करमुक्त’ एवढेच ऐकून मी खूश झालो होतो. परंतु जर्मनी आपल्या रहिवाशाच्या जगभरातील उत्पन्नावर कर लावते, म्हणून ते व्याज तेथे जाहीर करावे लागतेच.

गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी त्याला पगारपत्रक मागितले. आम्ही दोघांनी ते ओळीओळीने वाचले. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढविली. हप्ता आता सत्तर हजार आहे. त्यातले पंधरा हजार माझ्या निवृत्तिवेतनातून जातात. तो नको म्हणत होता.