पोलिसाची दाढी, पगडी आणि दीक्षा : कायदा नेमके काय सांगतो?

जालना येथील राज्य राखीव पोलीस दलाच्या एका मुस्लिम जवानाला २०१२ मध्ये दाढी राखण्याची परवानगी मिळाली. दाढी नीटनेटकी असावी, एवढीच अट होती. त्याच वर्षी ही परवानगी काढून घेण्यात आली. जवानाने न्यायालयाचे दार ठोठावले. डिसेंबर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश जगदीशसिंह खेहर यांच्या पीठाने सहानुभूती दाखवत एक तोडगा सुचवला : काही धार्मिक काळापुरती दाढी ठेवावी आणि सेवेत परत रुजू व्हावे. इस्लाममध्ये तात्पुरत्या दाढीची कल्पनाच नाही, असे सांगून जवानाच्या वकिलांनी तो नाकारला. ऑगस्ट २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे विषय पुन्हा आला, तेव्हा हा घटनात्मकदृष्ट्या महत्त्वाचा प्रश्न असल्याचे न्यायालयाने म्हटले. तोवर मूळ आदेशाला सुमारे बारा वर्षे झाली होती.

एका शिपायाच्या दाढीचा प्रश्न इतका लांबतो, याचे कारण कायद्यातच आहे. पोलिसाने गणवेश चढवला की त्याचे धर्मस्वातंत्र्य किती उरते, याचे थेट उत्तर आपल्याकडे कोणत्याही एका कायद्यात नाही.

राज्यघटनेचा अनुच्छेद २५ प्रत्येकाला धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत. दुसरीकडे, सशस्त्र दले आणि सुव्यवस्था राखणारी दले यांच्यातील शिस्तीसाठी त्यांच्या सदस्यांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ संसदेला देतो. या अधिकारातून १९६६ चा पोलीस दल (हक्क निर्बंध) कायदा आला. तो वाचला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पोलिसांच्या कामगार संघटना, राजकीय स्वरूपाच्या संस्था, वृत्तपत्रांशी संपर्क यांवर तो निर्बंध घालतो. धर्माचरणाबाबत मात्र तो काहीच सांगत नाही. उलट निव्वळ सामाजिक, करमणूकप्रधान किंवा धार्मिक स्वरूपाच्या संस्थेचे सदस्यत्व त्याने निर्बंधातून वगळले आहे.

म्हणजे दाढी, डोक्यावरचे वस्त्र किंवा गळ्यातली माळ यांविषयीचे निर्णय संसदेच्या कायद्याने होत नाहीत. ते होतात राज्याच्या गृहखात्याच्या सूचनांनी, पोलीस महासंचालकांच्या परिपत्रकांनी आणि अखेर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या शेऱ्याने. साहेब बदलले की शेरा बदलू शकतो.

न्यायालय धर्मशास्त्रात शिरते तेव्हा

असे प्रकरण न्यायालयात गेले की बहुधा एकच कसोटी पुढे येते : ही प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का? १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून ही कसोटी भारतीय न्यायालयांत रुजली. शिखांच्या बाबतीत उत्तर तुलनेने सोपे ठरते. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे खुद्द अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे आणि केस न कापण्याच्या व्रताबद्दल वाद नाही. मुस्लिम पोलिसाच्या दाढीबाबत मात्र धर्मग्रंथांचे वेगवेगळे अर्थ लावले जातात. हा मतभेदच त्याच्याविरुद्ध जातो.

१५ डिसेंबर २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याचे ठळक उदाहरण आहे. तो पोलिसांविषयी नव्हता, हवाई दलाविषयी होता. पण पोलीस खाती त्याचाच आधार घेतात. ज्यांचा धर्म केस कापण्यास किंवा दाढी करण्यास मनाई करतो त्यांना सूट मिळेल, असे हवाई दलाचा नियम सांगतो. इस्लाममध्ये अशी मनाई आहे का, असे न्यायालयाने विचारले. याबाबत एकाहून अधिक मते आहेत, असे उत्तर आले. याचिका तिथेच संपली.

उत्तर प्रदेशात हाच क्रम दिसला. २०२० मध्ये बागपत जिल्ह्यातील एका उपनिरीक्षकाला परवानगीविना दाढी ठेवल्याबद्दल निलंबित करण्यात आले. दाढी काढल्यावर तो सेवेत परतला. अयोध्या जिल्ह्यातील एका शिपायाने निलंबनाला आव्हान दिले, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ पीठाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची याचिका फेटाळली. शिस्तबद्ध दलात एकसारखे रूप राखणे आवश्यक आहे, हा त्या निकालाचा गाभा.

मग जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने नेमका उलटा निर्णय दिला, तो कसा? मक्केच्या यात्रेहून परतलेल्या एका शिपायाची वेतनवाढ रोखण्यात आली होती. रजेची मुदत उलटली आणि दाढी ठेवली, असे दोन ठपके होते. दाढी हा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे की नाही, या वादाला न्यायालयाने महत्त्व दिले नाही. त्याने १९५७ च्या मद्रास पोलीस गॅझेटमधील तरतूद पाहिली. मुस्लिम पोलिसांना दाढी राखण्याची मुभा तिथे स्पष्ट नोंदलेली होती. शिक्षा रद्द झाली आणि प्रकरण फेरविचारासाठी पोलीस आयुक्तांकडे परत गेले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एका लेखी ओळीने त्या शिपायाला जे दिले, ते अनुच्छेद २५ वरील युक्तिवादांनी इतरांना दिले नव्हते.

हा प्रश्न एकाच धर्माचा आहे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबादेत अय्यप्पा दीक्षेवरून वाद उठला. दीक्षा घेतलेला भाविक मंडल काळात, म्हणजे साधारण ४१ दिवस, काळी वस्त्रे नेसतो, अनवाणी राहतो, केस आणि दाढी कापत नाही. यांपैकी काहीही गणवेशाशी जुळणारे नाही. दीक्षा घ्यायची तर रजा घ्या, कामावर असताना सूट मिळणार नाही, अशी भूमिका पोलीस खात्याने घेतली आणि त्यावर तीव्र राजकीय प्रतिक्रिया उमटल्या. दाढीच्या वेळी शिस्तीची बाजू घेणारे अनेक जण येथे श्रद्धेची बाजू घेताना दिसले, उलटेही घडले.

दसऱ्याला पोलीस ठाण्यांत शस्त्रपूजन होते, बंदुकांना झेंडूच्या माळा पडतात. त्याला कुणी ‘धार्मिक सवलत’ म्हणत नाही. तो खात्याचा रिवाज समजला जातो. सवलत हा शब्द बहुधा दुसऱ्याच्या प्रथेसाठी राखून ठेवलेला असतो.

नेवार्कचा वेगळा प्रश्न

अमेरिकेतील न्यायालयांनी हा विषय दुसऱ्या टोकाने हाताळला. न्यू जर्सी राज्यातील नेवार्क शहराच्या पोलीस खात्यात दाढीला बंदी होती. वस्तऱ्याने त्वचेला त्रास होणाऱ्यांना मात्र वैद्यकीय दाखल्यावर सूट मिळे. दोन सुन्नी मुस्लिम अधिकाऱ्यांना धार्मिक कारणासाठी ती नाकारण्यात आली. १९९९ मध्ये संघराज्य अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो न्या. सॅम्युएल ॲलिटो यांनी लिहिला होता. तेच पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. दाढी इस्लाममध्ये किती आवश्यक आहे, यात न्यायालय शिरले नाही. त्याने खात्याला विचारले : त्वचारोगासाठी राखलेल्या दाढीने गणवेशाची एकरूपता बिघडत नाही, तर श्रद्धेसाठी राखलेल्या दाढीने ती कशी बिघडते?

याच न्यायालयाने २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मुस्लिम महिला पोलिसाला गणवेशासोबत शिरोवस्त्र वापरण्याची मुभा नाकारली. दोन्ही निकाल परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही. फिलाडेल्फियाच्या नियमात वैद्यकीय किंवा अन्य कोणतीही सूट नव्हती. जिथे दार सर्वांनाच बंद आहे, तिथे भेदभावाचा मुद्दा टिकला नाही.

काही दलांनी न्यायालयाची वाट न पाहता स्वतःच नियम बदलले. कॅनडाच्या रॉयल माउंटेड पोलीस दलाने १९९० मध्ये पगडीला मान्यता दिली आणि बलतेजसिंग धिल्लों पगडीधारी अधिकारी म्हणून रुजू झाले. काही निवृत्त अधिकाऱ्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, ते टिकले नाही. लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलीस दलाने २००१ मध्ये हिजाबला गणवेशात स्थान दिले. न्यू यॉर्क पोलिसांनी २०१६ च्या अखेरीस धार्मिक कारणासाठी अर्ध्या इंचापर्यंत दाढी आणि दलाचे चिन्ह लावलेली पगडी मान्य केली.

खरी अडचण कुठे?

खात्यांच्या सर्वच हरकती पोकळ नसतात. अश्रुधुराच्या वेळी लावायचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो आणि दाट दाढीमुळे फट राहू शकते. झटापटीत मोकळे वस्त्र पकडले जाऊ शकते. अनवाणी पायांनी जमावामागे धावणे धोक्याचे आहे. ही कारणे तपासता येतात आणि त्यांवर उपायही शोधता येतात : दाढीची लांबी ठरवणे, झटक्यात सुटणारे शिरोवस्त्र देणे, ठरावीक काळासाठी कार्यालयीन काम देणे. ‘एकरूपता’ किंवा ‘लोकांचा विश्वास’ या कारणांचे मोजमाप कठीण आहे. दंगलीत सापडलेल्या माणसाला समोरचा पोलीस आपल्या धर्माचा आहे की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळू नये, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण छातीवरच्या पट्टीवर नाव लिहिलेले असते, आणि आपल्याकडे नावावरून धर्म ओळखायला कुणाला वेळ लागत नाही.

गोव्यात हा प्रश्न वेशापेक्षा रजेच्या रूपात येतो. चतुर्थीला गोमंतकीय माणूस मूळ घरी जातो. पोलिसाला मात्र त्याच दिवसांत बंदोबस्त असतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते, तेव्हा ख्रिस्ती पोलिसाची अडचण तीच. ईदला मुस्लिम पोलिसाची. सणावारी पोलीस लागतातच, त्यामुळे सर्वांना रजा देणे शक्य नाही. पण हिंदू शिपायाने नाताळ सांभाळावा, ख्रिस्ती शिपायाने चतुर्थी, अशी अदलाबदल जमते ती बहुतेक वेळा ठाण्यातल्या समजुतीवर आणि निरीक्षकाच्या मर्जीवर. अर्ज कोणाकडे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, नकार दिला तर कारण लेखी द्यायचे की नाही आणि दिलेली सूट पुढचा अधिकारी काढून घेऊ शकतो का, हे चार मुद्दे ठरवण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पोलीस मुख्यालयाचे एक परिपत्रक पुरते.