स्पार्क प्लगचा रंग आणि मिश्रणाचे मापन

भिवपुरीहून नेरळमार्गे माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत कार्ब्युरेटरची जुनी मोटारसायकल नेली असता तिची शक्ती चढावर किंचित घटते. सुमारे 700 मीटर वर गेल्यावर हवेची घनता सहा-सात टक्क्यांनी कमी होते. जेटमधून येणारे पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणातच घटते. त्यामुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास वाढते. हा फरक स्पार्क प्लग काढून त्याच्या रंगावरून ओळखता येईल काय, हा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

मेस्त्री मंडळींचा संकेत सर्वश्रुत आहे. प्लगच्या चिनी मातीच्या टोकावर काजळी असल्यास पेट्रोल जास्त, टोक पांढरेफटक असल्यास पेट्रोल कमी, आणि तपकिरी छटा असल्यास मिश्रण योग्य. परंतु हे वाचन करावयाचे तर थ्रॉटल पूर्ण उघडा असतानाच ठिणगी बंद करावी लागते, त्याच क्षणी क्लच दाबावा लागतो, आणि मगच प्लग उघडावयाचा असतो. घाट उतरून खाली आल्यावर तपासलेला प्लग बंद थ्रॉटलचीच हकीकत सांगतो. चढावरील स्थितीचा त्यावर फारसा मागमूस उरत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ती तपकिरी छटा बऱ्याच अंशी पेट्रोलमधील शिशाच्या संयुगांमुळे येत असे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाली. तेव्हापासून योग्य मिश्रणातही टोक जवळजवळ पांढरे राहू शकते. शिवाय टोकाचा रंग प्लगच्या उष्णताश्रेणीवरही अवलंबून असतो. टोक साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काजळी जळून जात नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे प्लग मुख्यत्वे तापमानाचा साक्षी आहे हे पटेल.

ऑक्सिजन-संवेदकाचे कार्य निराळे आहे. झिर्कोनियाच्या दोन बाजूंवरील ऑक्सिजनच्या फरकामुळे त्यात विद्युद्दाब उत्पन्न होतो. तो 0.45 व्होल्टच्या वर गेल्यास पेट्रोल जास्त, खाली आल्यास कमी. 1 एप्रिल 2020 रोजी भारत स्टेज-6 लागू झाल्यावर इंधन-अंतःक्षेपण व हा संवेदक आपल्याकडील नव्या मोटारसायकलींत सर्रास आला. विस्तृत पल्ल्याचा संवेदक तर प्रमाणाचा आकडाच देतो, आणि घाटावरील तीन टक्के त्यात दिसतात.

इथेनॉलमुळे या प्रश्नाला निकड आली आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणास सुमारे 13.5 पट. जुना जेट तसाच ठेवल्यास मिश्रण आठ टक्क्यांच्या जवळपास विरल होते. अशा वेळी पांढरे टोक पाहून 'हल्लीच्या पेट्रोलचा रंगच असा' असे समजणारा मालक पिस्टन गमावू शकतो; उलट निष्कारण मोठा जेट बसविणाऱ्याचे पेट्रोल वाया जाते. केवळ रंगावरून या दोघांत निवाडा होत नाही.

तथापि प्लग टाकून देण्याजोगा नाही. टोकावरील ॲल्युमिनियमचे बारीक कण अपस्फोटाची सूचना देतात, तेलकट ओलावा झिजलेल्या रिंगांची. संवेदकाला यांपैकी काहीच कळत नाही. येझदी किंवा राजदूतसारख्या दोन-स्ट्रोक यंत्रांत ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, त्यातील ऑक्सिजनमुळे संवेदकाचा आकडा फसवा ठरतो. तेथे सिलिंडरशीर्षाचे तापमान मोजावे, आणि सोबत प्लगच्या टोकाच्या मुळाशी उमटलेले काजळीचे वलय भिंगाखाली पाहावे.