संचाच्या पाठीमागचे गैरसमज

लातूरच्या गंजगोलाईत ज्याने एकदा तरी उभे राहून पाहिले असेल, त्याला एव्ही रिसीव्हर म्हणजे काय हे समजावून सांगण्यास फारसे प्रयास पडू नयेत. सोळा रस्ते त्या गोल इमारतीपाशी येऊन मिळतात, निरनिराळा माल तेथे उतरतो, आणि ज्याला जिकडे जायचे तिकडे त्याची रवानगी होते. रिसीव्हरचेही कार्य हेच आहे: सेट टॉप बॉक्स, डीव्हीडीचे यंत्र, इंटरनेटवरील चित्रपट दाखवणारी स्टिक, मुलांचा गेमचा डबा, या सर्वांच्या तारा त्याच्या पाठीत येऊन मिळतात, चित्र तो दूरचित्रवाणी संचाकडे रवाना करतो आणि ध्वनी स्वतःजवळ ठेवून स्पीकरांना वाटून देतो. असे असता आमच्या नांदेड-लातूरकडील कितीतरी घरांतून, पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाने दिवाळीत हौसेने आणलेले होम थिएटर महिन्याभरात कापडाखाली झाकून ठेवलेले आढळते, आणि ‘यंत्रच खराब निघाले’ हा त्यावरचा निवाडा कायम झालेला असतो. मी स्वतः पाहिलेल्या अशा बहुतेक प्रकरणांत यंत्र निर्दोष होते. दोष जोडणीचा होता, आणि जोडणीच्या मुळाशी काही ठरावीक गैरसमज होते.

त्यांतला सर्वांत सार्वत्रिक गैरसमज हा की, पडद्यावर चित्र दिसू लागले म्हणजे जोडणी बरोबर झाली. नांदेडला वजिराबादेतील एका स्नेह्यांकडे गेलो असता, एचडी वाहिन्यांचे ज्यादा पैसे दरमहा भरूनही चित्र धूसर का, अशी त्यांची कैफियत होती. संच भिंतीपासून वीतभर पुढे ओढून पाहिले, तो बॉक्समधून पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांची जुनीच तार निघालेली, आणि त्याच बॉक्सचा एचडीएमआयचा सॉकेट धूळ खात मोकळा पडलेला. पिवळ्या पिनेतून आपल्याकडील पद्धतीप्रमाणे ५७६ ओळींचेच चित्र जाते. १०८० ओळींचे चित्र त्या वाटेने येणे शक्यच नाही, मग बॉक्स कितीही उत्तम असो. तार बदलताच पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या बातम्यांची अक्षरे ठसठशीत झाली. याच्या उलट, डीडी फ्री डिशच्या जुन्या बॉक्सला पुष्कळदा एचडीएमआय नसते, आणि नव्या संचाला तीन स्वतंत्र भोकांऐवजी एकच लहान गोल भोक असते. त्यासाठीची जोडतार बाजारातून कोणतीही उचलून आणली, तर तिच्यातील तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असल्यामुळे कधी चित्र येत नाही, कधी आवाजाच्या जागी नुसती घरघर येते, आणि चांगला बॉक्स भंगारात जातो. बॉक्स टाकून देण्यापूर्वी पिनांची अदलाबदल करून पाहावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

दुसरा गैरसमज असा की, संचाच्या पाठीमागील एचडीएमआयचे सर्व सॉकेट सारखेच. आकार सारखा असतो, अधिकार सारखे नसतात. एचडीएमआयची तार मुळात एका दिशेने, म्हणजे यंत्राकडून संचाकडे, चित्र आणि ध्वनी नेण्यासाठी योजलेली होती. तिच्यातूनच संचाचा ध्वनी उलट रिसीव्हरकडे किंवा साउंडबारकडे पाठवण्याची तजवीज २००९ मध्ये, एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत झाली, आणि तिला एआरसी असे नाव मिळाले. ही सोय बहुतेक संचांत एकाच सॉकेटवर असते आणि त्याच्याजवळ एआरसी किंवा, तिची सुधारित आवृत्ती असल्यास, ईएआरसी अशी बारीक अक्षरे असतात. त्या सॉकेटातून निघालेली तार रिसीव्हरच्या ‘इन’ रांगेत खोचली तर आवाज येणार नाही. ती त्याच्या ‘आउट’ असे लिहिलेल्या, एआरसीच्याच सॉकेटात गेली पाहिजे. नाव ‘आउट’ असताना आवाज आत कसा येईल, ही शंका स्वाभाविक आहे, आणि तिच्यापायीच पुष्कळ लोक येथे अडतात. शिवाय संचाच्या सेटिंगमध्ये ध्वनी बाहेर पाठवण्याचा हुकूम द्यावा लागतो, आणि एका यंत्राने दुसऱ्यास चालू-बंद करण्याची जी सीईसी नावाची व्यवस्था आहे, तीही बहुधा चालू ठेवावी लागते. प्रत्येक कंपनीने तिचे वेगळे बारसे केले आहे: सॅमसंगच्या संचात ती ॲनीनेट प्लस, एलजीच्या संचात सिंपलिंक आणि सोनीच्या संचात ब्राव्हिया सिंक या नावाने सापडते. टीव्ही बंद करताच साउंडबार ‘आपोआप’ बंद होतो तो याच व्यवस्थेमुळे. तो बिघाड नव्हे.

सर्व यंत्रे रिसीव्हरलाच जोडली पाहिजेत, हेही सर्वकाळ खरे नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा रिसीव्हर ध्वनीच्या बाबतीत आजही उत्कृष्ट असू शकतो, परंतु ४के चित्रासाठी लागणारी एचडीसीपी २.२ ही संरक्षणाची मोहोर त्याला ओळखता येत नसेल, तर नवे यंत्र त्याच्यामार्फत ४के चित्र सोडणारच नाही. अशा वेळी यंत्र थेट संचाला जोडावे आणि ध्वनी तेवढा एआरसीने किंवा ऑप्टिकल तारेने रिसीव्हरकडे परत न्यावा. त्यासाठी जुना रिसीव्हर विकण्याचे कारण नाही. ऑप्टिकल तार ही तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेली जुनी आणि विश्वासू सोय आहे, पण तिच्यातून सर्व काही जाते असे मात्र समजू नये: दोन वाहिन्यांचा असंपीडित ध्वनी किंवा संपीडित ५.१ (म्हणजे सहा स्पीकरांचा) ध्वनी एवढीच तिची मर्यादा. ब्लू-रे तबकडीवरील मूळ असंक्षिप्त ध्वनी हवा असेल तर यंत्र थेट रिसीव्हरला जोडावे, अथवा ईएआरसी वापरावे. इंटरनेटवरील चित्रपटांचा ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येत असल्याचा भास देणारा, ध्वनी बहुधा संपीडित रूपातच येत असल्यामुळे, साउंडबारला तो समजत असेल तर साध्या एआरसीवरही तो मिळतो.

महागड्या सोनेरी तारेने चित्र अधिक सुंदर होते, या समजुतीला वस्तुस्थितीचा आधार नाही. सोन्याचा मुलामा गंज टाळतो, एवढाच त्याचा गुण. अंकीय संकेत नीट पोहोचला तर चित्र पूर्ण येते, न पोहोचला तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. तार घेताना वेष्टनावरील वर्ग पाहावा: ४के चित्र सेकंदाला ६० वेळा हवे असेल तर १८ गिगाबिटची, आणि त्याहून वेगवान खेळांसाठी ४८ गिगाबिटची. ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल तर तोही स्पीकरांचा दोष नव्हे. चित्रावर संस्कार करण्यास संचाला काही क्षण लागतात आणि ध्वनी पुढे निघून जातो. रिसीव्हरमध्ये लिप सिंक किंवा ऑडिओ डिले या नावाने त्याचा बंदोबस्त केलेला असतो.

आता ज्या गैरसमजाने जिवावर बेतू शकते, तो सांगतो. सर्व जोडणी झाल्यावर स्पीकरांतून एकसारखी ‘हूं’ अशी घुमघुम येऊ लागते, आणि कोणीतरी जाणकार सल्ला देतो की, रिसीव्हरच्या प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन मोडून टाका. घुमघुम थांबतेही, आणि तेथेच घात होतो. या आवाजाचे मूळ बहुधा केबलवाल्याच्या तारेत असते: खांबावरून येणाऱ्या तारेचे बाह्य वेष्टन दूर कोठेतरी वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेले असते, आपल्या घराची अर्थिंग वेगळी असते, आणि त्या दोहोंच्या विद्युत्पातळीतील फरकामुळे ५० हर्ट्झचा प्रवाह तारांतून फिरू लागतो. खातरजमा करणे सोपे आहे. केबलची तार बॉक्समधून काढावी, आवाज थांबला तर चोर सापडला. त्यावर उपाय म्हणजे केबलच्या तारेत बसवायचा आयसोलेटर आणि सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घेणे. पिन मोडणे हा उपाय नव्हेच.

शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून केबलची पिन उपसताना बोटांना मुंग्या आल्याचा अनुभव आमच्याकडे अनेकांना आहे, मलाही आहे; ती मुंगी म्हणजे घराच्या अर्थिंगविषयीची तक्रारच असू शकते. आमची काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते आणि गाडलेल्या पट्टीपासून सुटते. मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरती उरते, आणि मग रिसीव्हरच्या लोखंडी पेटीत वीज उतरली तर तिला जमिनीची वाट मिळत नाही. ज्या लातुरात २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे खड्ड्यात पाणी ओता असे सांगणे किती जड जाते ते मी जाणतो. तरीही, आंघोळीचे वा धुण्याचे उरलेले दोन बादल्या पाणी चैत्र-वैशाखात आठवड्यातून एकदा तेथे ओतावे, वायरमन येईल तेव्हा त्याच्याकडून अर्थिंग मोजून घ्यावी, वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावा, आणि तोवर कोणतीही तार काढता-घालताना बोर्डावरील सर्व बटणे आधी बंद करावीत.