बांध खाजगी, पूर सार्वजनिक

पावसाळ्याची पहिली झड ओसरली, की परळ-लालबागच्या चाळीचाळींतून वर्षासहलींचे बेत आखले जाऊ लागतात. कधी मंडळाची मुले, कधी एखाद्या कचेरीतील सहकारी, कधी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा जथा पहाटेची कर्जत लोकल गाठतो. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा बंदीहुकूम निघाले आणि पोलिसांचा पहारा बसला. अशा सार्वजनिक ठिकाणांवर निदान हुकूम तरी निघतो. परंतु कर्जत, मुरबाड, मावळ या बाजूंना जी खाजगी शेतघरे आणि विश्रामस्थाने उभी राहिली आहेत, त्यांच्या कुंपणाच्या आत तो सहसा पोहोचत नाही. तेथे ओढा अडवून मातीचा बांध घातलेला असतो. मागे एखाद-दोन एकरांचे तळे, तळ्यात होडी, काठावर रंगीत छत्र्या. जाहिरातीत त्याला ‘लेक’ म्हणतात आणि त्याच्या दर्शनापायी खोलीचे भाडे वाढते.

एवढ्याशा तळ्याची चिंता ती काय करायची, असे कोणी म्हणेल. थोडे गणित करून पाहावे. एक एकराच्या तळ्यात सरासरी तीन मीटर पाणी साठले, तर ते सुमारे बारा हजार टन भरते. दहा टनी मालमोटारी मोजल्या तर बाराशे मोटारींचे ते ओझे होय, आणि ते सारे एका मातीच्या ढिगाने अडवून धरलेले असते. बांध फुटलाच, तर हे पाणी मालकाच्या बंगल्याकडे चढत नाही. ते उताराने जाते आणि उतारावर बहुधा एखादी वाडी असते.

मातीचे धरण मुळात वाईट असते, असा याचा अर्थ नव्हे. ज्या विहार तलावाने १८६० मध्ये मुंबईला नळाचे पाणी दिले, त्याचे बांध मातीचेच आहेत. मधोमध दाबून बसवलेला चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरुमाचे कवच, पाण्याकडच्या बाजूला दगडांची फरसबंदी आणि जादा पाण्याला वाट देणारा सांडवा, एवढी सामग्री नीट जमली तर असा बांध पिढ्यान् पिढ्या टिकतो. दगडी भिंतीवरून थोडे पाणी ओसंडले तरी ती बहुधा उभी राहते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, की माथा खरवडला जातो, खाच पडते आणि काही वेळातच बांध पुरता वाहून जातो. दुसरा धोका आतून येतो. उंदीर, घुशी, खेकडे यांनी पोखरलेल्या बिळांतून किंवा झाडांच्या कुजलेल्या मुळांवाटे पाणी झिरपते, झिरपताना माती सोबत नेते आणि बीळ आतल्या आत रुंदावत जाते. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. गिरणगावातील कित्येक कुटुंबांची मूळ गावे चिपळूण-खेडच्या याच पट्ट्यातील आहेत. येथल्या खोल्यांतून ती रात्र फोनपाशी बसून गेली असल्यास नवल नाही. तत्कालीन मंत्रिमहोदयांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि महाराष्ट्र हसला. वस्तुतः खेकडे बांध पोखरतात, हे खोटे नाही. प्रश्न इतकाच, की ग्रामस्थांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या असता त्या बिळांकडे पाहण्याचे काम कोणाचे होते? तिवऱ्याचे धरण सरकारी होते, म्हणून हा प्रश्न निदान विधिमंडळापर्यंत गेला. खाजगी बांधाच्या बाबतीत तो विचारायचा कोणाला?

येथे करमणुकीचा मुद्दा येतो. शेतीसाठी पाणी साठवणाऱ्याला पाणी वापरायचे असते. त्यामुळे तळे उतरते, बांधाला उसंत मिळते. करमणुकीसाठी तळे बाळगणाऱ्याला ते सदैव काठोकाठ हवे असते, कारण उतरलेल्या तळ्याचा चिखल पाहुण्याला दाखवण्याजोगा नसतो. मग सांडव्याच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या रचून पातळी हातभर वाढवली जाते. सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तेथे जाळी बसते आणि पहिल्याच पुरात पालापाचोळा तिला तटतो. बांधावर शोभेची झाडे लावली जातात, माथ्यावरून मोटारी नेल्या जातात, त्यांच्या चाकोऱ्यांत पाणी साचते. पाहुणे बांधाच्या उतारावरून चढ-उतर करतात, त्या पायवाटा पुढे पावसाच्या घळी होतात. ज्याने पाण्यात उतरावे त्याला शेवाळलेला सांडवा व तळाच्या मोरीची ओढ यांचे भय, आणि ज्याच्यावर उभे राहावे त्या बांधाला पाहुण्यांचे भय, असा हा दुहेरी मामला आहे.

हे केवळ तर्क नव्हेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कालव्यासाठी बांधलेले एक मातीचे धरण १८५३ मध्ये पुरे झाले, पुढे निरुपयोगी ठरून हस्ते-परहस्ते विकले गेले. एका मालकाने तळाचे लोखंडी नळ भंगारात काढले. १८७९ मध्ये ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या शिकार व मासेमारी क्लबाच्या हाती आले. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे त्याचे सभासद होते. गाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा छाटून रुंद करण्यात आला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावण्यात आल्या. खालच्या जॉन्स्टाउन गावातील लोखंड कारखान्याने आपला तज्ज्ञ पाठवून धरणाची पाहणी केली व इशारा दिला. क्लबाने काळजीचे कारण नसल्याचे कळवले. ३१ मे १८८९ रोजी धरण फुटले आणि २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. क्लबाविरुद्ध एकही दावा यशस्वी झाला नाही. कार्नेगीने गावाला नवे ग्रंथालय बांधून दिले. देणगी ही दात्याच्या मर्जीवर असते, भरपाई तशी नसते, हा फरक त्या गावाला फार महागात शिकावा लागला.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे लाभ एकाच्या खात्यावर जमा होतो आणि जोखीम दुसऱ्याच्या नावे पडते. सांडवा रुंद करण्याचा खर्च मालकाला आज, रोख करावा लागतो. त्याचा फायदा मात्र खालच्या वाडीला मिळतो, तोही कधीतरी, न आलेल्या संकटाच्या रूपाने. असा खर्च बाजार आपण होऊन करवून घेत नाही. तो कायद्यानेच करवून घ्यावा लागतो.

या कायद्याचा उगम गिरणीच्या तळ्याशी आहे, हे गिरणगावाला ऐकून मौज वाटेल. बाष्पयंत्रांसाठी गिरण्यांना पाण्याचा साठा लागे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात असे तळे आहे. लँकेशायरमधील जॉन रायलँड्स या गिरणीमालकाने असेच तळे बांधले आणि त्याचे पाणी जुन्या विवरांतून शेजारच्या फ्लेचरच्या खाणीत शिरले. कंत्राटदार चुकला होता, मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नव्हता. तरीही आपल्या जमिनीवर अनैसर्गिक रीतीने धोका आणून ठेवणाऱ्याने, तो सुटल्यास नुकसान भरून दिले पाहिजे, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८६८ मध्ये दिला. हिंदुस्थानात मात्र १८७४ मध्ये वेगळे घडले. मद्रास इलाख्यातील एका जमीनदाराची तळी फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने त्याला जबाबदार धरले नाही. या देशात तळी पुरातन आहेत, शेती त्यांवर चालते, ती राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. सबब हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय दायित्व नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. शेतीच्या तळ्यापुरता तो न्याय्यही होता. पण होडीविहारासाठी गेल्या दहा-वीस वर्षांत बांधलेल्या तळ्याला पुरातन पाटबंधाऱ्याचे हे कवच कोणत्या न्यायाने द्यायचे? सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या वायुगळती प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये घातक उद्योगांवर निरपवाद दायित्व लादले, आणि १९९१ च्या कायद्याने घातक द्रव्ये हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला. पाणी त्या द्रव्यांत बसत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आलेला धरण सुरक्षा कायदा खाजगी मालकांनाही लागू आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि तो १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे. १० ते १५ मीटरपर्यंतची धरणे साठा, लांबी इत्यादी अटी पुऱ्या झाल्या तरच त्यात येतात. शेतघराचा सहा-सात मीटरचा बांध त्याच्या कक्षेबाहेरच राहतो. शिवाय, धरण फुटल्यास खालच्या माणसाला मालकाने किती भरपाई द्यावी, याविषयी तो गप्प आहे.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनेच्या भक्कमपणाचा दाखला द्यावा लागतो. परळच्या रहिवाशांना त्या दाखल्याची दगदग पुरेपूर ठाऊक आहे. ओढ्यावर बांध घालून तिकीट वा भाडे घेणाऱ्या मालकाकडून दर वर्षी असाच अभियंत्याचा दाखला व तृतीय पक्षाचा विमा मागितला, तर त्यात जुलूम नाही. विमा कंपनी हप्ता ठरवण्यापूर्वी सांडवा मोजील, आणि जे काम सरकारी निरीक्षकाकडून होत नाही ते हप्त्याच्या आकड्याने होईल. लहान शेतकऱ्याला मात्र याच दांडक्याने हाकू नये. त्याच्या शेततळ्याचा धोका निराळा आहे: प्लॅस्टिकच्या गुळगुळीत अस्तरावरून घसरलेल्या मुलाला वर येता येत नाही. तेथे कुंपण आणि काठाला बांधलेला दोर हवा, व त्याचा खर्च अनुदानातच धरला जावा.

करमणुकीच्या तळ्यांची नोंद ग्रामपंचायतीत झाली, तर पुढचे काम फारसे अवघड नाही. मे महिन्याच्या अखेरीस सांडव्यापुढे पिशव्या वा जाळी आहे का, बांधाच्या पायथ्याशी ओल दिसते का आणि ते पाणी गढूळ आहे का, एवढे पाहून येण्यास गावच्या महसूल कर्मचाऱ्याला अर्धा दिवस पुरतो.