घरात साठविलेल्या कापसातील दुर्गंधी ढेकूण व त्यांचे नियंत्रण : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

वर्धा हा विदर्भाच्या कापूस पट्ट्यातील महत्त्वाचा जिल्हा होय. येथील कापूस एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' याच नावाने इंग्लंडच्या बाजारात ओळखला जात असे. आजही वेचणीनंतर योग्य भावाच्या प्रतीक्षेत कापूस राहत्या घरातच साठविला जातो. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. तोच भाव पुन्हा मिळेल या आशेने पुढील हंगामात अनेक शेतकऱ्यांनी कापूस महिनोन्महिने घरात ठेवला. जेथे गंजी तेथेच कुटुंबाचे झोपणे, स्वयंपाक व मुलांचा अभ्यास अशी स्थिती असल्याने कापसासोबत येणारे दुर्गंधी ढेकूण हा कौटुंबिक आरोग्याचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या किडीची ओळख, प्रादुर्भावाची कारणे व सुरक्षित उपाय यांचे विवेचन केले आहे.

किडीची ओळख

कापसासोबत घरात येणारी मुख्य कीड म्हणजे करडा ढेकूण (ऑक्सिकॅरेनस हायलिनिपेनिस). प्रौढ कीटक सुमारे ४ ते ५ मिलिमीटर लांब, काळसर तपकिरी व पांढुरक्या पारदर्शक पंखांचा असतो. पिलांचे पोट तांबूस दिसते. मादी उमललेल्या बोंडातील रुईत, सरकीजवळ अंडी घालते. पिले व प्रौढ दोन्ही सरकीतील रस शोषतात. परिणामी सरकीचे वजन, तेल व उगवणशक्ती घटते. तसेच सरकी काढताना कीटक चिरडले गेल्यास रुईवर डाग पडतात.

प्रौढाच्या छातीखाली व पिलांच्या पाठीवर गंधग्रंथी असतात. धोका जाणवताच त्यांतून अल्डिहाइड वर्गातील तीव्र वासाची द्रव्ये बाहेर पडतात. शत्रूला दूर ठेवण्याचे हे नैसर्गिक साधन आहे. म्हणूनच कीटक चिरडल्याने दुर्गंधी वाढते.

खाटेतील ढेकूण आणि हा ढेकूण यांत मूलभूत भेद आहे. पहिला मानवी रक्तावर जगतो व गादी-भिंतींच्या फटींत वाढतो. दुसऱ्याचे अन्न सरकी आहे. तो क्वचित माणसास टोचला तरी रक्तावर जगत नाही. सरकी दूर होताच घरातील त्याच्या वाढीचा आधार नाहीसा होतो. नियंत्रणाचे सर्व उपाय या एका वस्तुस्थितीवर उभे आहेत.

प्रादुर्भावाची कारणे

भारतात २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. बीटी प्रथिने बोंडअळीवर्गीय किडींसाठी आहेत. रस शोषणाऱ्या ढेकणांवर त्यांचा परिणाम होत नाही. फरदड घेतल्याने शेतात उशिरापर्यंत फुटलेली बोंडे राहतात व किडीस अखंड अन्न मिळते. भेंडी व अंबाडी या त्याच कुळातील वनस्पतीही तिला आश्रय देतात. ओलसर कापूस न वाळविता घरात भरणे, हे शेतातील कीड घरात येण्याचे सर्वांत थेट कारण होय.

सुरक्षित उपाय

१. वेचलेला कापूस घरात नेण्यापूर्वी ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात वाळवावा व अधूनमधून हलवावा. उष्णतेने बरेच कीटक बाहेर पडतात. ओलावा घटल्याने दर्जाही टिकतो. शासकीय खरेदीत १२ टक्क्यांहून अधिक ओलावा स्वीकारला जात नाही.

२. साठवणीची खोली शक्यतो झोपण्याच्या व स्वयंपाकाच्या जागेपासून वेगळी असावी. एकच खोली असल्यास गंजी जाड स्वच्छ कापडाने झाकावी आणि अंथरूण व धान्य तिच्यापासून दूर ठेवावे.

३. भिंतीवर जमलेले कीटक न चिरडता झाडूने साबणाच्या पाण्यात पाडावेत. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो व कीटक बुडून मरतात.

४. खिडक्यांना जाळी बसवावी, दारांच्या फटी बुजवाव्यात. सोयाबीन व तुरीवरील हिरवा ढेकूण दिव्याकडे आकर्षित होतो. त्यासाठी सायंकाळी दाराजवळचा दिवा बंद ठेवणे उपयुक्त ठरते.

५. हंगाम संपताच फरदड न घेता पऱ्हाटी काढून टाकावी आणि रिकाम्या खोलीतील सांडलेली सरकी झाडून घ्यावी.

टाळावयाच्या गोष्टी

शेतातील कीटकनाशक घरात फवारणे अत्यंत घातक आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. मोकळ्या शेतात जे विष प्राणघातक ठरले, त्याचा बंद खोलीतील धोका सहज लक्षात येतो. धान्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून विषारी फॉस्फिन वायू निघतो. राहत्या घरात त्या कदापि ठेवू नयेत. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची प्रथाही कापसाजवळ आगीचे कारण ठरू शकते.

समारोप

वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, घरातील दुर्गंधी ढेकणांचे नियंत्रण विषापेक्षा वाळवणी, विलगीकरण व स्वच्छता यांवर अवलंबून आहे. मात्र एका खोलीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबास विलगीकरणाचा सल्ला पुरेसा नाही. गावपातळीवर सामुदायिक साठवणगृह उपलब्ध झाल्यास भावासाठी थांबण्याची किंमत शेतकरी कुटुंबाला आपल्या आरोग्याने मोजावी लागणार नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी वेचणीच्या काळात ही माहिती गावोगावी पोहोचविणे, ही या कार्याची सुरुवात ठरू शकते.