ल्युलँ आजोबांचा निळा रुमाल

या, बसा रे बाळांनो माझ्याजवळ. पणजीच्या खोलीतून घाबरून पळालात ना? दिवेलागणीला ती म्हणाली, "कोपऱ्यात तीन पोरं उभी आहेत, त्यांना भाकरी द्या कुणीतरी." कोपरा तर रिकामा! मग कुणी म्हणालं म्हातारीला चळ लागला, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे, मीठ-मोहरी उतरवून टाका. यातलं काहीच खरं नाही. खरं काय आहे ते कळायला एक गोष्ट ऐका.

हे काही आटपाट नगर नव्हे, खरंखुरं शहर आहे. स्वित्झर्लंडातलं जिनिव्हा. तिथे शार्ल बोने नावाचा तरुण राहायचा. पिकावर मावा पडतो ना, त्यातला एकच किडा त्याने 1740 मध्ये काचेच्या भांड्याखाली एकटा ठेवला आणि महिनाभर त्याच्यावर डोळा ठेवला. नराशिवाय त्या एकट्या मादीने 95 पिल्लं दिली! पाहिलेलं नेमकं लिहून ठेवायचं, ही त्याची सवय.

या बोनेचे आजोबा म्हणजे शार्ल ल्युलँ. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी नजर जवळजवळ गेलेली. बुद्धी मात्र लख्ख. नव्वदीच्या उंबरठ्यावर, 1758 मध्ये, त्यांना हवेत तरंगणारा एक निळा रुमाल दिसू लागला, चारही कोपऱ्यांत पिवळा ठिपका. डोळे वळतील तिकडे रुमाल. पुढे माणसं दिसू लागली. एकदा नाती भेटायला आल्या, तर त्यांच्यासोबत उंची झगे घातलेले दोन तरुण! हे देखणे पाहुणे आणलेत ते आधी सांगितलं का नाही, असं आजोबांनी विचारलं. मुली चकित झाल्या, त्यांच्याबरोबर कुणीच नव्हतं. आजोबांनी ते शांतपणे मान्य केलं. त्यांनी आपले भास लिहवून घेतले, आणि नातवाने 1760 मध्ये आपल्या ग्रंथात त्यांची हकिगत दिली. नातवाने आजोबांना वेडं ठरवलं नाही, हेच मला फार मोठं वाटतं. नजर अधू झाल्यावर होणाऱ्या अशा भासांना आज 'शार्ल बोने सिंड्रोम' म्हणतात.

आता गंमत ऐका. आपण डोळ्यांनी बघतो असं वाटतं, पण बघतो खरा मेंदू. डोळा फक्त निरोप पोचवतो. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला किंवा काचबिंदूने नस सुकली, की निरोप येणं थांबतं. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला बघण्याचा कारखाना मात्र बंद पडत नाही. दाणे संपले तरी जातं फिरत राहावं, तसं तो स्वतःच काहीबाही दळत राहतो. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा माणसांचा मेंदू भास होत असतानाच स्कॅन केला. ज्यांना रंग दिसत होते, त्यांच्या मेंदूतला रंगांचा भाग जागा होता. ज्यांना चेहरे, त्यांच्या मेंदूतला चेहऱ्यांचा.

परवा मी माझ्या आईजवळ, म्हणजे तुमच्या पणजीजवळ बसलो, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय दिसतं गं?" ती हळूच म्हणाली, "तिघांनी झबली घातलीत. त्यांवरची फुलं मोजता येतील इतकी स्पष्ट. तुझं तोंड मात्र धूसरच दिसतं रे." पोरं बोलतात का, विचारलं. नाही म्हणाली. ती खरी नाहीत हेही तिला ठाऊक आहे, तरी उपाशी दिसली की राहवत नाही. आणखी एक म्हणाली, ते काळजात रुतलं: "तुम्हाला सांगायची भीती वाटत होती, वेडी म्हणाल म्हणून." किती आज्या-आजोबा असे गप्प बसत असतील!

भास सुरू झाला की खोलीत दिवा लावा. पणजीला डोळ्यांची उघडझाप करायला सांगा, नजर डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगा. पुष्कळदा पोरं निघून जातात.

पण सगळेच भास असे निरुपद्रवी नसतात, हे मोठ्यांनीही ऐका. एक-दोन दिवसांत अचानक भास सुरू झाले, बोलणं असंबद्ध झालं, दिवस-रात्र कळेना, ताप आला, तर गोष्ट वेगळी. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवी सुरू केलेली गोळी, यांमुळेही म्हाताऱ्या माणसाचा मेंदू गडबडतो. तेव्हा अंगारा लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कंपवातात आणि स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारातही माणसं, प्राणी दिसतात. म्हणून भास कोणताही असो, डॉक्टरांच्या कानावर घालायचाच.

उद्या आपण पणजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहोत. तोवर वही-पेन्सिल घ्या आणि तिच्याजवळ बसा. काय दिसतं, कधी दिसतं, किती वेळ टिकतं, सगळं विचारून लिहून घ्या. डॉक्टरांना ते लागेल.