घाटांची वाई

महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरलेली कृष्णा धोमवरून वाईत येते आणि गावाला लागून वाहते. बहुतेक पर्यटकांची गाडी मात्र पसरणीचा घाट चढून थेट पाचगणी गाठते. वाईचं वैभव त्यांच्या हातून निसटतं, याची हळहळ वाटते.

वाईचे सात घाट प्रसिद्ध आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. नावं बघितली की कळतं, इथं नदी आळ्याआळ्यांत वाटली गेली आहे. कृष्णाबाईचा उत्सवही माघापासून घाटाघाटांवर पाळीपाळीने होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवरायांना यश मिळावं म्हणून केलेल्या नवसातून तो सुरू झाला, असं परंपरा सांगते. पालखी, कीर्तन, प्रसादाच्या पंगती, सारं नदीकाठी. नदीला 'बाई' म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीचा मान देणारं हे गाव आहे.

आजची वाई बरीचशी पेशवाईतली आणि त्यात रास्ते घराण्याचा वाटा मोठा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं. भव्य मूर्तीपुढे हात जोडून लोक परततात. देवळाची मागची बाजू पाहायला फार थोडे जातात. ती भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर आदळतं, दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीला अडवण्याऐवजी वाट करून देणारं हे शहाणपण अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकलं आहे.

जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथल्या देवळापाशी टांगलेल्या मोठ्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली दिसते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते.

वाईला विद्येचीही परंपरा आहे, पण ती पोथीतच अडकून राहिली नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबा शिकून गेले. खानदेशातल्या पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी इथंच शिकले आणि पुढे तर्कतीर्थ झाले. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही, हे मांडण्यासाठी गांधीजींना त्यांच्या विद्वत्तेचा उपयोग झाला. 1933 मध्ये देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचं पौरोहित्यही तर्कतीर्थांनीच केलं. पुढे मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी वाईतून चालवलं. पहिला खंड 1976 मध्ये निघाला. मुंबई-पुण्याबाहेर, एका तालुक्याच्या गावी असं काम उभं राहणं ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

वाईला जाल तेव्हा निदान अर्धा दिवस हाती ठेवा. घाटांवरून पायी फिरा, ढोल्या गणपतीची मागची भिंत नक्की पाहा, आणि निर्माल्य किंवा प्लॅस्टिकची पिशवी कृष्णेत टाकू नका.